बंद खोलीतला दिवा

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा थंड आहे. थंड म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस!

ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे वायू असतो आणि धूळ असते. आपल्या नगर रोडवरची धूळ नव्हे हं. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी या कणाची त्रिज्या. तळेगाव ढमढेरेला रात्री गच्चीवर पडलं आणि रांजणगाव एमआयडीसीच्या उजेडाने कृपा केली, तर आकाशगंगेच्या पट्ट्यात काळे डाग दिसतात. ती भोकं नाहीत, मागच्या ताऱ्यांना झाकणारी हीच धूळ आहे. या काळ्या ढगांत कणांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेन गोठून बर्फाचं कवच चढतं.

१९७०च्या दशकात हॉलंडमधल्या लायडनला मेयो ग्रीनबर्ग यांनी हा बर्फ प्रयोगशाळेत बनवला. निर्वात पेटीत गार पृष्ठभागावर वायू गोठवायचे, वरून अतिनील दिवा सोडायचा. अतिनील किरणाने रेणूंचे बंध तुटतात, तुटलेले तुकडे कवचात अडकून बसतात. मग हळूहळू ऊब दिली की ते हलतात, एकमेकांना भेटतात आणि नवे, मोठे रेणू तयार होतात. बर्फ उडून गेल्यावर तळाशी पिवळट चिकट थर उरतो. सेंद्रिय पदार्थांचा!

झकास. पण एक मोठ्ठा प्रश्न होता. जिथे बर्फ सगळ्यात जास्त, त्या दाट ढगात बाहेरचा अतिनील प्रकाश शिरतच नाही. धूळच त्याला अडवते. बंद खोलीत दिवा लावणार कोण?

उत्तर १९८३ साली आलं, आणि त्यातलं एक नाव आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमधलं होतं. एस. पी. तरफदार. एस. एस. प्रसाद यांच्यासोबत त्यांनी अॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये दाखवलं की दिवा खोलीतच आहे. विश्वकिरण, म्हणजे प्रचंड वेगाने धावणारे कण, ढगाच्या आत खोलवर घुसतात. ते हायड्रोजनच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या हायड्रोजन रेणूंना धडकून उत्तेजित करतात. आणि ते रेणू शांत होताना अतिनील प्रकाश सोडतात. आपल्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ करते, साधारण तसंच.

दिवा अर्थात मिणमिणता. ढगाबाहेर दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे दहा कोटी अतिनील फोटॉन पडतात. आत फक्त हजार ते दहा हजार. कागदावर हिशेब करून पाहिला. एका कणावर चार दिवसांतून, फार तर महिन्यातून एक फोटॉन आपटणार! हसू येतं ना? पण ढगाला घाई कुठाय? दहा लाख वर्षांत तेच दहा कोटी फोटॉनपर्यंत जातं, आणि त्या एवढ्याशा कणात रेणूही ढोबळमानाने तेवढेच. म्हणजे दर रेणूमागे एक फोटॉन. बॅकग्राउंडला मुकाट चाललेला जॉब, दुसरं काय.

१९८५च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं खगोल-रसायनशास्त्रावरचं १२०वं सिंपोजियम गोव्यात भरलं. त्याचा ग्रंथ संपादित केला टीआयएफआरच्याच एम. एस. वार्ड्या आणि तरफदार यांनी.

पुढे २००२मध्ये लायडन आणि नासा एम्सच्या गटांनी, 'नेचर'च्या एकाच अंकात, अतिनील मारलेल्या बर्फातून अमिनो आम्लं मिळाल्याचं छापलं. म्हणजे प्रथिनांच्या विटा. २०२३मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अशाच एका काळ्या ढगात पाणी, अमोनिया, मिथेन, मिथेनॉलचे बर्फ पाहिले. २०२५मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत, सजीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली.

यातून जीव कसा झाला हे सिद्ध होत नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. शिवाय सगळं श्रेय प्रकाशाचं नाही. मिथेनॉल तर कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू चिकटूनही, काळोखात बनतं. पण विटा पृथ्वीच्या आधी, गार अंधारात भाजल्या जाऊ शकतात, एवढं नक्की.

आज दाट ढगांच्या रसायनाची कंप्युटर मॉडेल्स चालतात त्यांत विश्वकिरणांनी पेटणारा हा अतिनील दिवा धरलेला असतो. जगभरच्या शोधनिबंधांत त्याला 'प्रसाद-तरफदार यंत्रणा' म्हणतात. आपल्याकडे मात्र कुलाब्याच्या बसमध्ये कुणाला विचारा, तरफदार कोण म्हणून...

असो. पुढच्या वेळी गच्चीवर काळा डाग दिसला तर 'तिथे काही नाही' म्हणू नका. आत दिवा चालू आहे.