रॉजरची जागा

मेटलच्या रेकॉर्डमध्ये बेस गिटार ऐकू येईलच असं गृहीत धरता येत नाही. गिटारी खालच्या सुरात लावलेल्या, त्यांच्यावर डिस्टॉर्शनचा जाड थर आणि खाली अखंड चाललेला बास ड्रम. बेसला जी जागा हवी ती या दोघांनी आधीच व्यापलेली असते. मी पुण्यात वाद्यवृंदात बेस वाजवतो, त्यामुळे कुठलीही रेकॉर्ड लावली की कान आधी तिकडे जातो. एथिस्ट या बँडच्या 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स'वर इतका जीव जडला तोही त्यामुळेच. १९९१ ची ही रेकॉर्ड अर्ध्या तासाहून जेमतेम थोडी मोठी आहे आणि तिच्यातली आठही गाणी बेसच्या खांद्यावर उभी आहेत.

ही माणसं सॅरसोटाची. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव टॅम्पाच्या दक्षिणेला आहे. टॅम्पात जिम आणि टॉम या मॉरिस बंधूंचा मॉरिसाउंड स्टुडिओ होता, तिथे स्कॉट बर्न्स नावाचा ध्वनिमुद्रक होता आणि ऐंशीचं दशक संपताना डेथ मेटलची सगळी वर्दळ त्याच दाराशी लागली होती. मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डीसाइड, डेथ, सगळे तिथलेच. एथिस्टची पहिली रेकॉर्ड 'पीस ऑफ टाइम'ही तिथेच झाली. पण हे लोक स्लेयरइतक्याच आवडीने रश ऐकणारे. स्टीव्ह फ्लिन ड्रमवर नुसता वेग दाखवत नाही, झांजांवर बारीक काम करत ठेका आतून हलवत राहतो. त्याच्याबरोबर रॉजर पॅटरसनचा बेस. पहिल्या रेकॉर्डवरही तो गिटारच्या मागे लपत नाही. धावतो, अडवतो, मध्येच एखादी ओळ स्वतःच पुरी करतो.

दुसऱ्या रेकॉर्डची गाणी बांधून होत आली होती. स्वीडनच्या कॅन्डलमासबरोबरचा दौरा संपवून बँड व्हॅनने घरी परतत होता. १२ फेब्रुवारी १९९१ ला लुइझियानात व्हॅनला अपघात झाला आणि रॉजर गेला. वय विशीतलं.

इथे मेटलच्या इतिहासातला दुसरा अपघात आठवल्याशिवाय राहत नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये मेटॅलिकाची बस उलटली आणि त्यांचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ ची '…अँड जस्टिस फॉर ऑल' लावून बघा. न्यूस्टेडचा बेस त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. बर्टनच्या मरणाचं दुःख त्या मिक्सिंगमध्ये उतरलं असेल, नसेल, पण वाजवणाऱ्यावर अन्याय झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एथिस्टने नेमकं उलट केलं. मायामीच्या सिनिक या बँडमधला टोनी चॉय त्यांनी बोलावला, रॉजरच्या ओळी त्याच्या हाती दिल्या आणि त्याला स्वतःच्या हाताने वाजवू दिलं. मग बर्न्सने तो बेस मिक्समध्ये सगळ्यांच्या बरोबरीने ठेवला. गुरूची बंदिश शिष्याने गावी, पण गळा स्वतःचाच असावा, तसं हे झालं.

'मदर मॅन' हे पहिलं गाणं या निर्णयाची ग्वाही देतं. बेस पुढे येतो, डोलत, जरा फंकच्या अंगाने, आणि गिटारी येऊन मिळतात तेव्हाही मागे सरत नाही. मी हे गाणं बसवायला घेतलं तेव्हा बोटांचा वेग साधत गेला, पण सुरांमधली विश्रांती साधेना. चॉय कुठे थांबतो ते ऐकावं. केली शेफरचा आवाज तेव्हाच्या डेथ मेटलसारखा पोटातून आलेला घुरघुरणारा नाही, चिरका आणि खरवडलेला आहे. अनेकांना तो खटकतो. मला तो इथे योग्यच वाटतो, कारण खोल आवाजाने बेसची जागा पुन्हा व्यापली असती.

'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' हे शीर्षकगीत रेकॉर्डचा कळस आहे, असं बरेच जण मानतात, मीही मानतो. पहिल्यांदा ऐकताना सम कुठे आहे ते कळत नाही. हात आपोआप मांडीवर मात्रा मोजायला लागतो आणि मोजता मोजता फ्लिनने ठेका बदललेला असतो. तरी गाणं विस्कटत नाही. शेफर आणि रँड बर्की यांच्या दोन गिटारी दोन दिशांना जातात आणि बेस दोघींना धरून ठेवतो. 'युवर लाइफ्स रेट्रिब्यूशन' सव्वातीन मिनिटांतच संपतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे: इतक्या चांगल्या कल्पना एकेका फेरीत वापरून टाकून दिल्यात. त्यातला एक तुकडा दुसऱ्या कुणी पूर्ण गाण्याइतका ताणला असता. 'एन्थ्रॉल्ड इन एसेन्स' सगळ्यांत घाईचं वाटतं, आणि मला सगळ्यांत कमी जवळचं.

'ॲन इन्कार्नेशन्स ड्रीम' इथे मात्र थांबायला हवं. सुरुवातीला गिटार स्वच्छ, डिस्टॉर्शनशिवाय. जवळजवळ पाच मिनिटांच्या या गाण्यात बँड पहिल्यांदा श्वास घेतो आणि पुढचा कडकडाट त्या शांततेमुळे दुप्पट मोठा वाटतो. मऊ सुरुवातीचं वळण पुढे या संगीतात सवयीचं होऊन बसलं. इथे ते सवय म्हणून आलेलं नाही, गाण्याला त्याची गरज आहे.

'द फॉर्मेटिव्ह इयर्स'मध्ये बेस आणि ड्रम यांची जोडी ऐकावी, गिटारी विसरून. 'ब्रेन्स' मी वाजवणाऱ्यांना ऐकवतो, न वाजवणाऱ्यांना नाही. कोपरे इतके आहेत की नुसत्या ऐकणाऱ्याची दमछाक होते. आणि 'अँड द सायकिक सॉ' हा शेवट. इथे चॉय पुरता मोकळा झालेला आहे. रेकॉर्डच्या आरंभी तो नीट सांभाळून वाजवतो असं मला वाटतं. शेवटच्या गाण्यात सांभाळणं संपलेलं असतं.

त्याच वर्षी मॉरिसाउंडमध्येच बर्न्सच्या हाताखाली डेथची 'ह्यूमन' झाली. तिच्यावर सिनिकचे पॉल मॅसविडल आणि शॉन राइनर्ट वाजवतात. हॉलंडच्या पेस्टिलन्सच्या 'टेस्टिमनी ऑफ द एन्शंट्स'वर तर बेस पुन्हा टोनी चॉयचाच. म्हणजे एका स्टुडिओत, एका वर्षात, मूठभर तरुणांनी डेथ मेटलची घडणच बदलली. 'ह्यूमन'ला श्रोते मिळाले. एथिस्टला त्या वेळी फारसे मिळाले नाहीत. फ्लिन शिक्षणासाठी बाहेर पडला, बँड मोडला, आणि १९९३ ची 'एलिमेंट्स' कराराची पूर्तता म्हणून करून दिली गेली. ती वाईट नाही, पण फ्लिन नसल्याचं तिच्यात पहिल्या मिनिटापासून जाणवतं.

पुढे नाव पसरलं ते हातोहात, एका वादकाकडून दुसऱ्याकडे. २००५ मध्ये रिलॅप्स या कंपनीने रेकॉर्ड पुन्हा काढली आणि तिच्यासोबत १९९० च्या तालमींचं मुद्रणही दिलं. त्यात रॉजर आहे. आवाज कोंदट, झांजा फुटलेल्या, पण तीच गाणी आणि मूळ हात. 'ब्रेन्स' दोन्हीकडे लागोपाठ लावलं की फरक उघड होतो. रॉजर ठोक्याच्या किंचित पुढे झुकून वाजवतो, जणू फ्लिनला ओढून नेतोय. चॉय ठोक्यावर बसून वाजवतो, सुराला गोलाई देतो, शेवट सफाईने कापतो. ओळीचा सांगाडा बहुतेक तोच, पण चाल वेगळी. अपघात झाला नसता तर रेकॉर्ड अधिक आडदांड झाली असती, असं माझं मत आहे, आणि कदाचित इतकी स्पष्ट झाली नसती. चॉय श्रेष्ठ की रॉजर, या वादात मी पडत नाही. माझ्याकडे बेस शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी तालमीतलं 'ब्रेन्स' ऐकवतो, मग रेकॉर्डवरचं, आणि दोघांच्या ओळी वेगवेगळ्या कागदांवर उतरवायला सांगतो.