संक्षेपलेखन व संक्षेपविस्तार

वारंवार लिहावा लागणारा शब्द, पदसमूह किंवा मजकूर पूर्ण न लिहिता त्याचे एखादे अक्षर, चिन्ह वा अंक लिहून तो दर्शविण्याच्या पद्धतीस संक्षेपलेखन म्हणतात. अशा संक्षेपावरून मूळ मजकूर पुन्हा सिद्ध करणे म्हणजे संक्षेपविस्तार होय. लेखकाचे श्रम, वेळ आणि लेखनसामग्री वाचविणे हा संक्षेपलेखनाचा हेतू असतो. तथापि संक्षेप केव्हातरी व कोणीतरी उलगडावाच लागतो. हे काम कोणावर व केव्हा सोपविले जाते, यावरून संक्षेपाच्या निरनिराळ्या पद्धतींमधील भेद स्पष्ट होतो. मोडी कागदपत्रांत ते वाचकावर, तारेत तारघरावर, लघुलेखनात खुद्द लेखकावर, तर संगणकावर ते यंत्रावर सोपविलेले आढळते. प्रस्तुत नोंदीत या पद्धतींचा मराठीतील इतिहास प्रामुख्याने खानदेश व त्यातील नंदुरबार जिल्हा यांच्या संदर्भात दिला आहे.

मोडी लेखनातील संक्षेप : ⇨मोडी लिपी हीच मुळात जलद लेखनाची लिपी होय. तिचे प्रवर्तन यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने केले, अशी परंपरागत समजूत आहे. कागदावर प्रथम शिरोरेघ आखून घ्यावयाची व तिच्याखाली, हात शक्य तितका न उचलता, अक्षरे वळवीत जावयाची, ही तिची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तीत सामान्यतः पाळला जात नाही. या लिपीच्या जोडीला कारकुनांनी संक्षेपांचा मोठा साठा तयार केला. शब्दाचे आद्याक्षर लिहून त्यापुढे उभ्या रेघा देत. मुद्रित देवनागरीत ही अक्षरे मौ॥ (मौजे), प॥ (परगणे), मु॥ (मुक्काम), बि॥ (बिन, म्हणजे अमक्याचा पुत्र), रु॥ (रुपये) अशी छापतात. यांतील बहुतेक शब्द फार्सी-अरबी कारभारी परिभाषेतून आलेले आहेत. अपूर्णांकांसाठीही रेघांचाच उपयोग होई. पाव एका, अर्धा दोन व पाऊण तीन रेघांनी दाखवीत. त्यामुळे ‘४॥’ म्हणजे साडेचार, हे शाळकरी मुलासही ठाऊक असे.

पत्रांच्या मायन्यातही हीच प्रवृत्ती दिसते. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे चार शब्द ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यावर आले आणि पूर्ण मायना विसरला गेल्यावरही संक्षेप रूढ राहिला. रा. रा., ती. स्व., चि., सौ., गं. भा., ह. भ. प. हे संक्षेपही याच वर्गातील होत. शब्दापुढे पूर्णविरामाचे टिंब देण्याची चाल मात्र इंग्रजी विरामचिन्हांबरोबर मराठीत स्थिरावली.

खानदेशातील दप्तरे : अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, असे आईन-इ-अकबरीवरून दिसते. पुढे मराठी अंमलात या प्रदेशाच्या दप्तरात मोडी लेखन रुळले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश म्हणजेच नंतरचा धुळे जिल्हा. त्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांचा नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला.

गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखन चालत असल्याने त्याचे संक्षेप त्याला व त्याच्या वारसाला सहज उमगत. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तरीही मोडीचा वापर १९५० च्या सुमारापर्यंत चालू राहिला. १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द झाली. अशा रीतीने सुमारे एका पिढीच्या काळात लिपी आणि ती वाचणारा वर्ग दोन्ही गावातून नाहीसे झाले. लेखकाने वाचविलेल्या वेळाची भरपाई नंतरच्या वाचकाला करावी लागली. वि. का. राजवाडे यांनी ⇨मराठ्यांच्या इतिहासाची साधने या ग्रंथमालेचे प्रकाशन १८९८ मध्ये सुरू केले. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा संशोधकांच्या कामाचा मोठा भाग मोडी लिप्यंतर व संक्षेपांचा उलगडा यांनीच व्यापलेला आहे. ‘पा॥’ हे अक्षर परगणे, पाटील किंवा पासून यांपैकी कशाचे, हे प्रत्येक वेळी संदर्भावरूनच ठरवावे लागते.

नमुने व सांकेतिक अंक : मजकूर तोच आणि फक्त नावे व तारखा निराळ्या, अशा कागदांसाठी नमुने तयार ठेवण्याची पद्धत जुनी आहे. शेजारच्या गुजरातेतील ⇨लेखपद्धति हा मध्ययुगीन संस्कृत ग्रंथ दानपत्रे, करारपत्रे व खाजगी पत्रे यांच्या नमुन्यांचा संग्रहच होय. महाराष्ट्रात हेमाद्रीच्या नावावर असलेली मेस्तके याच प्रकारात मोडतात. ब्रिटिश महसूल व्यवस्थेने नमुन्यांना क्रमांक दिले. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) यांचा एकत्रित उतारा ‘सातबारा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मूळ नावे ठाऊक नसलेला शेतकरीही हा सांकेतिक शब्द नेमका वापरतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालासाठी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्यातील ४२५४१२ हा अंक वाचून टपाल कर्मचारी नंदुरबारचा थैला ओळखतो. वाहनावरील ‘एमएच ३९’ ही अक्षरेही तोच जिल्हा दर्शवितात.

या प्रकारातील सर्वांत काटेकोर पद्धत तार खात्याची होती. सणसमारंभाच्या शुभेच्छांसाठी ठराविक वाक्यांची क्रमांकवार यादी खात्याने ठरवून दिली होती. पाठविणाऱ्याने क्रमांक निवडावयाचा, तारेतून तेवढाच क्रमांक जावयाचा आणि पोचविणाऱ्या तारघराने पूर्ण वाक्य लिहून द्यावयाचे, असा क्रम असे. संक्षेप फक्त वाटेत राहत असे. वाचणाऱ्याला संपूर्ण मजकूर मिळत असे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

लघुलेखन व टंकलेखन : आयझॅक पिटमन याने १८३७ मध्ये ध्वनींवर आधारित लघुलेखनपद्धती प्रसिद्ध केली. तिच्या धर्तीवर भारतीय भाषांतही पद्धती तयार झाल्या. लघुलेखक बोललेला मजकूर चिन्हांत टिपतो व नंतर स्वतःच तो पूर्ण लिहून काढतो. संक्षेप करणारा व उलगडणारा एकच असल्याने येथे संदिग्धता कमी राहते. टंकलेखन यंत्राने अक्षर सुवाच्य केले, पण प्रत्येक अक्षरासाठी कळ दाबणे अटळ झाले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टंकलेखन परीक्षांत दर मिनिटास ३० व ४० शब्द ही गतीची परिमाणे रूढ झाली. शासकीय नोकरीच्या आशेने जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी टंकलेखन संस्थांत जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने वेग हाच कौशल्याचा निकष ठरला.

संगणकीय संक्षेपविस्तार : संगणकावर हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. वापरणाऱ्याने एक छोटा संकेत व त्याचा पूर्ण मजकूर यांची जोडी आधी नोंदवून ठेवावयाची. पुढे तो संकेत टंकित होताच आज्ञावली तो पुसते व त्या जागी पूर्ण मजकूर घालते. ईमॅक्स या संपादन आज्ञावलीत अशी सोय १९७० च्या दशकातच होती. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९९३ मधील सहाव्या आवृत्तीत चुका आपोआप दुरुस्त करणारी ‘ऑटोकरेक्ट’ ही सोय आली. तिचा उपयोग अनेकांनी संक्षेपविस्तारासाठी केला. ऑटोहॉटकी (२००३), टेक्स्टएक्सपांडर (२००६) व एस्पान्सो (२०१९) या आज्ञावल्या संगणकावरील निरनिराळ्या कार्यक्रमांत हेच काम करतात.

होणारी बचत एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती, नंदुरबार’ हे नाव देवनागरीत टंकित करताना, जोडाक्षरे सुटी करून व अवकाश धरून, ४८ कळा दाबाव्या लागतात. ‘;अजस’ असा संकेत ठरविल्यास त्या चारच होतात. प्रारंभीचे अर्धविरामचिन्ह येथे महत्त्वाचे आहे. नेहमीच्या शब्दात वा त्याच्या आरंभी येणारी अक्षरे संकेत म्हणून घेतल्यास नको तेथे विस्तार होतो. म्हणून लेखनात सहसा न येणारे चिन्ह जोडून संकेत वेगळा ठेवतात.

मराठीच्या विशेष अडचणी : मराठी नामास विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. ‘नंदुरबार’ला ‘च्या’ सरळ जोडता येतो. ‘जिल्हा’चे मात्र ‘जिल्ह्याच्या’ आणि ‘कार्यालय’चे ‘कार्यालयाच्या’ असे रूपांतर होते. त्यामुळे इंग्रजीत एका संकेताने भागते तेथे मराठीत मूळ रूप व सामान्यरूप यांसाठी दोन संकेत ठेवणे सोयीचे असते. दुसरी अडचण अक्षरसंचांची होती. श्रीलिपी, आकृती इ. आज्ञावल्यांच्या काळात प्रत्येक अक्षरसंचाची अंतर्गत मांडणी निराळी असे. एका संचात साठविलेला मजकूर दुसऱ्यात अर्थहीन चिन्हांच्या रूपाने उमटे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक आले. पुढे युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. युनिकोडमध्ये मोडीचा अंतर्भाव २०१४ मध्ये झाला. त्या संचात मोडीतील संक्षेपचिन्हास स्वतंत्र स्थान दिले आहे. जुन्या कारकुनाची ती खूण अशा रीतीने संगणकाच्या वर्णसंचात कायम झाली.

अभिलेखांचा प्रश्न : २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के, तर साक्षरतेचे प्रमाण सु. ६४ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इ. जमातींच्या या जिल्ह्यात शासकीय कागदाची भाषा व घरातील बोली बहुधा भिन्न असतात. अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. जमातीच्या दाव्याच्या पडताळणीत त्यापूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व दिले जाते. त्यामुळे शाळेचे दाखलखारीज पुस्तक, गावचे कोतवाल बुक व महसुली उतारे यांतील एखादे अक्षर शिक्षण व नोकरी यांच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते. नोंद करणाऱ्याने रकान्यात नुसते ‘को.’ एवढेच लिहिले असेल, तर ते कोकणा व कोळी या दोहोंचेही आद्याक्षर ठरते. कोकणा ही अनुसूचित जमात आहे. कोळ्यांपैकी महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी असे काही गटच त्या यादीत येतात. ‘कु.’ हे अक्षरही कुमार, कुमारी व कुणबी या तिहींचे द्योतक होऊ शकते. राज्याच्या २००१ च्या अधिनियम क्र. २३ नुसार जातीचा वा जमातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर असते. म्हणजेच अन्य पुरावा नसेल, तर दुसऱ्याने अर्धवट लिहिलेल्या अक्षराचा उलगडा करण्याचा भारही त्याच्यावरच पडतो.

याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. नोंदी अशा रीतीने संगणकावर आल्यावर संक्षेपविस्ताराचे महत्त्व केवळ वेळाच्या बचतीपुरते राहत नाही. लिहिणारा थोडक्यात टंकित करतो, पण कागदावर गाव, तालुका व जमात यांचे पूर्ण नाव उतरते. मोडी कारकुनाचा वेग कायम ठेवून त्याच्या लेखनातील मुख्य दोष येथे टळतो. मात्र या सोयीत नवा धोकाही आहे. हाताने केलेली चूक एका नोंदीपुरती असते. यादीत चुकीचा विस्तार साठविला गेल्यास मात्र तीच चूक शेकडो नोंदींत सुवाच्य व नि:संदिग्ध स्वरूपात उतरते आणि वाचणाऱ्यास तिचा संशयही येत नाही. जुन्या नोंदी संगणकावर घेताना हा धोका विशेष असतो. मूळ पानावर ‘को.’ असेल तेथे यंत्राने वा चालकाने आपल्या अंदाजाने पूर्ण शब्द घातल्यास संदिग्धता नाहीशी झालेली दिसते, पण तिच्या जागी पुरावा नसलेले विधान येते. म्हणून ऐतिहासिक कागदपत्रांच्या संपादनात मूळ अक्षर तसेच ठेवून विस्तार चौकटी कंसात देण्याचा जो दंडक पाळला जातो, तो संगणकीय अभिलेखांनाही लागू करणे इष्ट ठरते. नव्या नोंदीत संक्षेपाचा विस्तार लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतो व तो तपासून पाहणे त्याला शक्य असते. जुन्या नोंदीचा लेखक हयात नसतो. तेथे मूळ अक्षर जपणे हीच त्याच्या लेखनाची खरी नोंद होय.