राजाच्या कवटीत दडलेला घाव

३० जून १५५९. पॅरिसमध्ये घोडेस्वारांच्या भालायुद्धाचे सामने रंगले होते. स्पेनशी झालेला तह आणि राजघराण्यातील विवाह हे त्याचे निमित्त. फ्रान्सचा चाळीस वर्षांचा राजा दुसरा हेन्री स्वतः मैदानात उतरला. मोंगोमेरी या सरदाराचा भाला मोडला आणि त्याच्या ढलप्या शिरस्त्राणाच्या झडपेतून राजाच्या उजव्या डोळ्यापाशी घुसल्या.

ढलप्या उपसल्या गेल्या. शल्यविशारद आम्ब्रुआझ पारे हजर होता. ब्रुसेल्सहून शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसही धावून आला. घाव कसा गेला हे समजावे म्हणून शिरच्छेद झालेल्या गुन्हेगारांच्या मस्तकांवर प्रयोग केले गेले, असेही सांगतात. तरीही १० जुलैला राजा मरण पावला.

शवविच्छेदनात जे दिसले ते या प्रकरणाचे मर्म आहे. कवटी भंगलेली नव्हती. रक्त साकळले होते मेंदूच्या आवरणांमध्ये, आणि तेही आघाताच्या विरुद्ध बाजूस, डोक्याच्या मागील भागात! तेथील मेंदू सडू लागला होता. धक्का बसताच मेंदू कवटीच्या आत हेलकावतो, समोरच्या भिंतीशी दुखावतो, ताणलेल्या शिरा तुटतात. पारेने मृत्यूचे कारण डोळ्याची जखम नव्हे, हीच इजा मानली. आजचे काही अभ्यासक जंतुसंसर्गालाही दोष देतात. मला दोन्ही एकत्र घडलेले अधिक संभवनीय वाटते.

कवटी न उघडता आत पाहण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. गादीवर पंधरा वर्षांचा आजारी मुलगा आला, आणि १५६२ मध्ये फ्रान्समध्ये धर्मयुद्धे पेटली.