अब्बांची पिकअप आणि ट्रॅक्टरचे इंजिन

मूर्तिजापूरच्या कापूस बाजारात अब्बांची जुनी फोर-व्हील पिकअप उभी राहिली की लोक आधी विचारत, ‘ॲव्हरेज किती देते?’ अब्बा विषय बदलत. घरी मीही त्यांना ऐकवायचो, ‘तुमचा पायच जड आहे.’ पुढे या गाडीचा इतिहास वाचला, तेव्हा माझेच बोलणे मला टोचले.

जीप घडली 1940-41 मध्ये, अमेरिकी सैन्यासाठी. चिखल, चढ आणि ओझे यांचा विचार झाला. पेट्रोलच्या खर्चाची चिंता युद्धात कोण करणार? 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. तिचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये पाटीवरचे ‘मोहम्मद’ जाऊन ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच कंपनीने मुंबईत विलिज जीपची जोडणी केली. साठच्या दशकात तिची पिकअपही आली. अब्बांची गाडी त्याच जातीची, 2.2 लिटर पेट्रोल इंजिनाची.

1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल पिंपामागे सुमारे 3 डॉलरवरून काही महिन्यांत 11 च्या वर गेले. यावरचा उपाय शेतातून आला. इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन महिंद्राने जीपला बसवले. डिझेल इंजिन हवा जास्त दाबते, म्हणून तेवढ्याच इंधनात जास्त काम करते. शिवाय डिझेल स्वस्त. गाडी थरथरे, वेग कमी. पण कापूस नेणाऱ्याला शर्यत कुठे लावायची होती?

अब्बांनीही मिस्त्रीकडून तसेच इंजिन चढवून घेतले. मिस्त्रीने एवढ्यावर सोडले नाही. एअर फिल्टरमध्ये बसलेली रुई आणि काळ्या मातीची धूळ काढली, नोझल तपासले, घासणारे ब्रेक सैल केले, टायरमध्ये पुरती हवा भरली. फोर-व्हीलचा दांडा काढलेला असला तरी पुढचा शाफ्ट चाकांबरोबर उगाच फिरतो. म्हणून पुढे फ्री-व्हील हब बसवले.

1994 मध्ये शकुंतलेचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, तेव्हा अब्बा म्हणाले, ‘पाहा, तिलाही डिझेल पचलं.’

आता अब्बा नाहीत. पाय जड नव्हता, गाडीच लष्करी खर्चाची होती, हे त्यांना सांगायचे राहून गेले.