महापौरपदाची शर्यत : विद्यमान महापौर रिंगणात नसतोच

वसई-विरार शहर महापालिकेत २०१० ते २०२० या दहा वर्षांत पाच महापौर झाले. राजीव पाटील, नारायण मानकर, प्रवीणा ठाकूर, रूपेश जाधव आणि प्रवीण शेट्टी. पाचही जण बहुजन विकास आघाडीचेच. तरीही त्यांपैकी एकालाही पुन्हा महापौरपदाच्या खुर्चीवर बसता आले नाही. महापौर फेरनिवडणुकीस पात्र असतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही. आडवी येते ती सोडत.

महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असते. हे पद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, महिला आणि सर्वसाधारण प्रवर्गांत फिरत राहते. कोणत्या शहराच्या वाट्याला कोणता प्रवर्ग येणार, हे मंत्रालयात चिठ्ठी काढून ठरते. त्यामुळे मावळता महापौर कितीही लोकप्रिय असला, तरी पुढच्या खेपेस तो बहुधा प्रेक्षकांत असतो. चिठ्ठी निघाल्यावर पक्षातील निम्मे इच्छुक एका क्षणात बाद होतात आणि कालपर्यंत ज्यांचे नावही चर्चेत नव्हते, त्यांच्या घरी कार्यकर्त्यांची रीघ लागते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अशीच स्थिती वेगळ्या मार्गाने येते. तेथील राज्यघटना गव्हर्नरला लागोपाठ दुसरी मुदत देत नाही. म्हणून २०२५ मध्ये ग्लेन यंगकिन यांना निवडणूक लढविता आली नाही आणि अॅबिगेल स्पॅनबर्गर निवडून आल्या. मात्र तेथे उमेदवार कोण असावा हेही पक्षाचे मतदार ठरवितात आणि अंतिम कौलही जनतेचाच असतो. आपल्याकडे राज्यपालही प्रौढ मतदानाने निवडावा, असा विचार १९४७ मध्ये घटना समितीपुढे आला होता. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री यांच्यात संघर्ष होईल, या भीतीने १९४९ मध्ये तो मागे पडला व राष्ट्रपतींनी नेमणूक करण्याची पद्धत आली. महापालिकेत मात्र महापौर निवडूनही त्याच्या हाती कारभार दिलेला नाही. कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौर महासभेचे अध्यक्षस्थान भूषवितो आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतो.

मग या पदासाठी एवढी चुरस कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर जून २०२० नंतरच्या काळात सापडते. महापालिकेची मुदत संपली, कोरोनाच्या साथीमुळे निवडणूक लांबली, पुढे इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतरच हालचाल सुरू झाली. तोवर साडेपाच वर्षे शहरावर प्रशासक होता. याच काळात, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, नालासोपारा पूर्वेतील आरक्षित जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. या इमारतींना अभय कोणाचे होते, हा प्रश्न जुन्या सत्ताधाऱ्यांनाही विचारावा लागेल, कारण त्या एका रात्रीत उभ्या राहिल्या नव्हत्या. परंतु तो विचारण्यासाठी महासभाच अस्तित्वात नव्हती, आणि ती बोलाविणारा महापौरही नव्हता.

अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. २०१५ मध्ये शंभराहून अधिक जागा जिंकणाऱ्या आघाडीची स्थिती या वेळी नाजूक मानली जात होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वसईत हितेंद्र ठाकूर, नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर आणि बोईसरमध्ये राजेश पाटील असे तिघेही पराभूत झाले होते. तरीही ११५ सदस्यांच्या सभागृहात आघाडीने स्पष्ट बहुमत मिळविले. भारतीय जनता पक्ष प्रमुख विरोधी पक्ष ठरला. आमदारकीला एक आणि नगरसेवकपदाला दुसरा, असा हा वसईकरांचा कौल होता.

महापौरपदाची सोडत मतमोजणीनंतर निघाली. म्हणजे मतदाराने मत टाकले तेव्हा महापौर कोणत्या प्रवर्गाचा असेल, हेही त्याला ठाऊक नव्हते. चार सदस्यांच्या प्रभागात त्याने चार मते दिली, पण त्यांतले एकही महापौरासाठी नव्हते. याच पालघर जिल्ह्यातील डहाणू किंवा जव्हारच्या मतदाराला नगराध्यक्ष थेट निवडता येतो. नगर परिषदेच्या छोट्या गावाला जो हक्क आहे, तो लाखोंच्या वस्तीच्या महानगराला नाही, ही विसंगती शासनाच्या धोरणातलीच आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा विलीन करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका स्थापन झाली, हे लक्षात घेतल्यास ती अधिकच बोचते.

महापौराची निवड विशेष सभेत, पीठासीन अधिकाऱ्यांसमोर, हात वर करून होते. त्याआधी निवडून आलेल्या सदस्यांची गटनोंदणी कोकण विभागीय आयुक्तांकडे करावी लागते. गटाने काढलेला पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व पक्षांतरबंदी कायद्याने रद्द होऊ शकते. एका गटाकडे बहुमत असेल, तर खरी निवडणूक सभागृहात होतच नाही. ती नेत्याच्या बैठकीत आधीच उरकलेली असते.

या सभागृहाच्या पहिल्या महापौराची अडीच वर्षे २०२८ च्या उत्तरार्धात पूर्ण होतील. त्या वेळी आरक्षण बदलले, तर विद्यमान महापौर पुन्हा शर्यतीबाहेर राहील आणि उरलेल्या अडीच वर्षांसाठी ११५ जणांतून नवे नाव शोधावे लागेल.