मेहनत, ताप आणि सिकलसेल : शरीरात नेमकं काय घडतं?

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेर आणि आसपासच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हे नाव नवं नाही. आजार आनुवंशिक, जन्मापासूनचा. मग दुखणं नेमकं उन्हातल्या मेहनतीनंतर किंवा तापातच का उसळतं?

जोराच्या कामात स्नायूंना ऑक्सिजन कमी पडला, की ते ग्लुकोज अर्धवटच वापरतात. एका ग्लुकोजमागे सुमारे ३० एटीपी मिळायचे, तिथे २ मिळतात आणि आम्लता वाढते. अशा ठिकाणी हिमोग्लोबिन ऑक्सिजन पटकन सोडतं. निरोगी माणसाला हे सोयीचंच! सिकलसेलमध्ये मात्र ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात (सिकल म्हणजे विळाच) आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. पुढच्या भागात ऑक्सिजन आणखी कमी, आम्लता आणखी जास्त. अंगातलं पाणी कमी झालं, तर पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होऊन हे अजून लवकर घडतं. तापात तर बसल्या जागीही दर अंश सेल्सिअसला ऑक्सिजनची गरज साधारण १० टक्क्यांनी वाढते.

त्यामुळे सिकलसेलचा रुग्ण हाडं दुखतात म्हणाला, तर त्याला कामचुकार ठरवू नका. सावलीत बसवा, पाणी द्या. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल, तर थेट दवाखाना गाठा.