वीस अंशांवर अडलेला धातू

मे महिना, दुपारचे दोन. मराठवाड्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरीत तुम्ही एका दुकानातल्या फ्रिजमागे उभे आहात. व्होल्टेज पडलंय, कॉम्प्रेसर कण्हतोय, जाळीतून गरम झळा अंगावर येतायत. कॉम्प्रेसरशिवाय गारवा मिळेल का? शोधायला काळात मागे चला.

9 एप्रिल 1933, अमेरिकेतलं बर्कली. जिओक आणि मॅकडूगल या शास्त्रज्ञांच्या शेजारी थांबा. नळीत गॅडोलिनियम सल्फेटचे 61 ग्रॅम स्फटिक आहेत, द्रव हेलियमने 1.5 केल्विनपर्यंत गार केलेले. 8000 गॉसचं चुंबकीय क्षेत्र लागलं, की अणूंचे इवले चुंबक एका रांगेत येतात आणि उष्णता सोडतात. ती हेलियम ओढून घेतो. मग स्फटिक हेलियमपासून तोडून क्षेत्र काढलं जातं. रांग मोडायला उष्णता लागते. बाहेरून मिळत नाही, म्हणून स्फटिक स्वतःचीच खर्च करतात. पारा 0.25 केल्विनवर! तोवर इतकं खाली कुणीच गेलं नव्हतं.

आता 1976, ओहायोतली नासाची प्रयोगशाळा. संशोधक जी. व्ही. ब्राउन यांच्या यंत्रात गॅडोलिनियम धातूच्या पट्ट्या आहेत, भोवती पाणी-अल्कोहोल. एक टोक 46 अंश सेल्सिअस, दुसरं उणे 1. बोरीच्या उन्हालाही पुरेल! पण चुंबक 7 टेस्लाचं. दुकानात ते आणणार कुठून?

जपानच्या मासातो सागावांनी 1982 साली निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक घडवलं: भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबायची, भट्टीत सिंटर करायची, म्हणजे न वितळवता तापवून घट्ट करायची. वीज न खाता ते एक-दीड टेस्ला देतं. एवढ्या क्षेत्रात मात्र गॅडोलिनियम एका खेपेला तीन-चार अंशच फरक पाडतो, तोही 20 अंशांच्या आसपास. तिथे त्याचा क्युरी बिंदू आहे, म्हणजे ज्याच्या वर धातूतल्या इवल्या चुंबकांची रांग आपोआप मोडते ते तापमान. त्यापासून दूर गेलात की परिणाम ओसरतो.

म्हणून 2000 नंतरच्या दशकात पवईच्या आयआयटीत या. आर्गॉन भरलेल्या भट्टीत, पाण्याने गार ठेवलेल्या तांब्यावर, विजेच्या आर्कने गॅडोलिनियमसारखे दुर्मिळ मृदा धातू वितळतायत. गोळी थिजली की उलटून पुन्हा वितळवतात, मिश्रण एकजीव व्हावं म्हणून. मग मोजणी: कुठलं संयुग कोणत्या तापमानाला किती उष्णता सोडतं?

अशाच एका संयुगात, लॅन्थॅनम-लोह-सिलिकॉनमध्ये, हायड्रोजन भरला, की क्युरी बिंदू 60 अंशांच्या आसपासही नेता येतो. मराठवाड्यासाठी चुंबकी फ्रिज करायचा, तर धातू इथल्या उन्हाच्या मापाने निवडायला हवा.